चोवीस किलोबाइटमधली लढाई

नगरमध्ये रणगाडा पाहून कुणी फारसं चमकत नाही. लष्कराच्या चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथं आहे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी 'व्हीआरडीई' इथंच आहे, आणि १९९४ साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात देशोदेशीचे रणगाडे ओळीनं मांडून ठेवलेले आहेत. जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांच्या सहली तिथं जाऊन आल्या असतील. पण १९९० च्या दशकात इथं लहानाच्या मोठ्या झालेल्यांनी सगळ्यांत जास्त वेळ ज्या रणगाड्यासोबत काढला, तो त्या संग्रहालयात नाही. तो पिवळा होता, टीव्हीच्या काचेवर अंगठ्याच्या नखाएवढा दिसायचा आणि विटांच्या कुंपणात बसलेल्या एका गरुडाची राखण करायचा.

त्या गेमचं नाव 'बॅटल सिटी'. नाम्को या जपानी कंपनीनं तो १९८५ मध्ये काढला. आपल्याकडे हे नाव क्वचितच कुणी घेतलं असेल. 'टँकवाला गेम' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. मीडिया, समुराई, लिटल मास्टर अशा नावांची यंत्रं तेव्हा घरोघरी येत होती. काही विकत घेतलेली, बरीचशी सुट्टीत भाड्यानं आणलेली. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या 'फॅमिकॉम' या यंत्राच्या धर्तीवर ती चालायची. त्यांना आपण सरसकट 'टीव्ही गेम' म्हणायचो आणि त्यात खोचायच्या डबीला 'कॅसेट'.

आता त्या गेममध्ये काय काय होतं ते आठवून पाहा. पस्तीस मैदानं. प्रत्येक मैदानात शत्रूचे २० रणगाडे, त्यातही वेगळ्या चालीचे आणि वेगळ्या ताकदीचे. वीट, लोखंड, पाणी, झाडी, बर्फ. दोघांनी मिळून खेळायची सोय, आवाज, सुरुवातीची धून, शिवाय हवं तसं मैदान स्वतः रचायची सोय. हे सगळं मिळून २४ किलोबाइट. तुम्ही वाचत असलेला हा लेख संगणकात साठवताना देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, त्यावरचा काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं आणि प्रत्येकाला ३ बाइट लागतात. या हिशेबानं लेख संपेल तेव्हा त्यानं अख्ख्या 'बॅटल सिटी'पेक्षा जास्त जागा घेतलेली असेल. किती वेळा मनाशी हा हिशेब मांडला, तरी मला त्याचं नवल वाटायचं थांबत नाही.

हा गेम घरच्या टीव्हीवर पुन्हा उभा करायला जे यंत्र लागतं, ते जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत आज नुसतं पडून आहे. लोणी, संगमनेर, कोपरगाव, नगरजवळचा विळद घाट, सगळीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत आणि शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट कुणालाच चुकत नाही. मातीतली ओल मोजून ठिबकची मोटर आपोआप सुरू करायची, विहिरीच्या पाण्याची पातळी मोबाइलवर दाखवायची, असे ते प्रोजेक्ट. त्यासाठी 'रास्पबेरी पाय' नावाचा चिमुकला संगणक घेतला जातो. ८५ मिलिमीटर लांब, ५६ मिलिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एटीएम कार्डाएवढा. वजन ५० ग्रॅमच्या आत. परीक्षकांना दाखवून झालं, मार्क पडले, की तो वायरींसकट टेबलाच्या खणात जातो आणि तिथंच राहतो.

त्याला खणातून बाहेर काढून गेमच्या कामाला लावणं अवघड नाही, त्यामुळे ते पटकन सांगून टाकतो. रेट्रोपाय, रिकॅलबॉक्स, बॅटोसेरा, लाक्का अशा तयार प्रणाली फुकट मिळतात. त्यातली एक दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यायची, मेमरी कार्डावर चढवायची, कार्ड पायमध्ये घालायचं, टीव्हीला वायर जोडायची. पाय नसेल आणि घरात जुना डेस्कटॉप धूळ खात असेल, तर लाक्का किंवा बॅटोसेरा पेनड्राइव्हवरून त्यावरही चालतं; यंत्र किती जुनं आहे तेवढं पाहून घ्यावं लागतं. एका दुपारचं काम. खरी गंमत आहे ती त्या कार्डाएवढ्या पाटीवर त्यानंतर जे घडतं त्यात.

ते समजण्यासाठी आधी जुन्या टीव्ही गेमच्या पोटात शिरायला हवं. त्या यंत्राकडे चित्र ठेवायला जागाच नव्हती. पडद्यावर २५६ ठिपके आडवे आणि २४० उभे, म्हणजे ६१,४४० ठिपके. एका ठिपक्याला एक बाइट धरला तरी ६० किलोबाइट हवेत. यंत्रात गेमच्या हिशेबासाठी स्मृती होती २ किलोबाइट आणि चित्रासाठी आणखी २ किलोबाइट. मग ते पडदाभर मैदान, विटा, पाणी आणि चारही दिशांनी उडणाऱ्या गोळ्या राहायच्या कुठं?

उत्तर चौकोनांत आहे. पडद्याचे आडवे ३२ आणि उभे ३० असे ९६० चौकोन पाडलेले असत, प्रत्येक ८ ठिपके रुंद, ८ उंच. कॅसेटमध्ये या चौकोनांचे नमुने तयार असत: एक विटेचा, एक पाण्याचा, एक काळ्या जमिनीचा. एक नमुना १६ बाइटांचा, आणि पार्श्वभूमीसाठी असे २५६ नमुने म्हणजे ४ किलोबाइट. यंत्राला लक्षात ठेवायचं ते एवढंच, की कुठल्या चौकोनात कितव्या क्रमांकाचा नमुना लावायचा. ९६० चौकोन, ९६० आकडे. कुठल्या भागाला कोणते रंग द्यायचे याचे आणखी ६४. सगळे मिळून बरोबर १,०२४ बाइट. एवढ्यात अख्खं मैदान बसलं. गोळी लागून वीट फुटते तेव्हा गेम काय करतो? त्या चौकोनातला आकडा बदलतो. अख्ख्या विटेच्या जागी अर्ध्या विटेचा क्रमांक लिहितो. आपण जिला पडझड समजत होतो, ती एका आकड्याची खाडाखोड होती.

या काटकसरीतून कधी कधी फार सुंदर युक्त्या निघाल्या. 'सुपर मारिओ'मधला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट निरखून पाहा: आकार एकच आहे. एकाला पांढरा रंग, दुसऱ्याला हिरवा. तो गेम ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता आणि एकाच आकृतीकडून दोन कामं करून घेता येत होती. कितीतरी वर्षं कोट्यवधी मुलांनी रोज ते पाहिलं आणि फार थोड्यांच्या लक्षात आलं.

'कॉन्ट्रा' खेळताना गर्दी झाली की गोळ्या आणि शत्रू लुकलुकायला लागायचे. कॅसेट खराब आहे असं समजून आपण ती काढून फुंकर मारायचो. दोष कॅसेटचा नव्हता. हलणाऱ्या आकृत्या पार्श्वभूमीपासून वेगळ्या ठेवलेल्या असत. एका वेळी पडद्यावर जास्तीत जास्त ६४, आणि पडद्याच्या कुठल्याही एका आडव्या रेषेवर फक्त ८. नववी आली की चिप ती काढतच नसे. मग गेम लिहिणाऱ्यांनी असं केलं, की प्रत्येक चौकटीत, म्हणजे पडदा नव्यानं रंगवण्याच्या प्रत्येक फेरीत, आकृत्यांचा क्रम फिरवत ठेवायचा. या वेळी एक गळेल, पुढच्या वेळी दुसरी. कुणीच कायमचं अदृश्य होणार नाही, सगळे थोडे थोडे लुकलुकतील. तुटपुंज्या जागेत सगळ्यांची सोय लावण्याचा इतका समंजस तोडगा मी दुसरा पाहिलेला नाही. जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे एम्युलेटरमध्ये, ही ८ ची मर्यादा उठवायची सोय असते. मी ती वापरत नाही. लुकलुक हा त्या गेमच्या चालीचा भाग आहे असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट राहिली. हे चित्र पूर्ण असं कुठंच नसायचं. जुन्या टीव्हीच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत वरून खाली, रेघेमागून रेघ पडदा रंगवत जातो. यंत्रातली चित्राची चिप त्या झोताच्या बरोबरीनं धावायची: या क्षणी झोत अमुक चौकोनावर आहे, त्यात कितवा नमुना, त्याची कितवी ओळ, कोणता रंग, तो ठिपका पाठव, पुढचा पाहा. असे एका चौकटीत ८९ हजारांहून जास्त ठिपक्यांचे हिशेब (कडेचे न दिसणारे धरून) आणि अशा चौकटी सेकंदाला ६०. अख्खं मैदान एका वेळी फक्त टीव्हीच्या काचेवर आणि आपल्या डोळ्यांत असायचं.

आता पायकडे येऊ. त्याच्यात ना ती चित्राची चिप आहे, ना तो जुना प्रोसेसर. तरी गेमला ते कळत नाही. अकोले तालुक्यातल्या आदिवासी गावांत बोहाडा होतो, तेव्हा मुखवटा चढवलेला माणूस त्या रात्रीपुरता देव किंवा राक्षस असतो. चालणं, थबकणं, मान वळवणं, सगळं त्या सोंगाचं. एम्युलेटर असंच सोंग वठवतो. गेमनं काहीही विचारलं तर जुन्या यंत्रानं जे उत्तर दिलं असतं तेच, आणि तितक्याच वेळानं द्यायचं.

हे सोंग किती साध्या गोष्टींनी बनतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. जुन्या यंत्राचा मेंदू म्हणजे ६५०२ या घराण्यातला प्रोसेसर. ६५०२ आला १९७५ मध्ये. चक पेडल आणि बिल मेन्श यांच्या चमूनं तो रचला, सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टरांत, आणि विकला २५ डॉलरना, जेव्हा इतर कंपन्यांचे प्रोसेसर त्याच्या कितीतरी पट महाग होते. जपानच्या रिको कंपनीनं त्याची दशमान हिशेबाची सोय बंद केली, आवाजाची जोड दिली आणि तो फॅमिकॉमसाठी बनवला. त्याला हाताशी धरायला जागा होत्या मोजक्या: ए, एक्स, वाय अशा एकेका बाइटाच्या तीन खणांत चालू आकडे, शिवाय कार्यक्रम कुठवर आला याची खूण आणि अशाच एक-दोन नोंदी. एम्युलेटर हे खण स्वतःच्या स्मृतीत मांडतो आणि कॅसेटमधले आकडे एकामागून एक वाचत सुटतो. १६९ आला? मग पुढचा आकडा उचलून 'ए'मध्ये ठेव. जुन्या प्रोसेसरला याला त्याच्या घड्याळाचे २ ठोके लागत, तेवढे हिशेबात धर. २३२ आला? 'एक्स'मध्ये एक मिळव, २ ठोके. ७६ आला? पुढच्या दोन आकड्यांनी सांगितलेल्या जागी उडी मार, ३ ठोके. अशा सगळ्या अधिकृत आज्ञा १५१. बास. या १५१ ओळींच्या तालमीत मारिओ उडी मारतो, गरुड वाचतो किंवा मरतो.

ठोक्यांचा हिशेब इतका काटेकोर का? कारण चित्राची चिप आणि प्रोसेसर एकाच तालावर चालत. प्रोसेसरचा एक ठोका झाला की चित्राचे तीन ठिपके पुढे सरकत. एका चौकटीत प्रोसेसरचे साधारण २९,७८० ठोके. गेम लिहिणारे या तालावर विसंबून असत. झोत अमुक रेषेवर पोचला की पडद्याचा खालचा भाग सरकवायचा, वरचे गुण मात्र जागच्या जागी ठेवायचे, अशा करामती त्यावर उभ्या होत्या. सोंग घेणाऱ्याचा ताल चुकला की चित्र फाटतं. पाय ४ चा प्रत्येक गाभा सेकंदाला १५० कोटी ठोके देतो, जुना प्रोसेसर सुमारे १७ लाख ९० हजार. म्हणजे जुन्याच्या एका ठोक्यामागे नव्याच्या हाताशी ८०० हून जास्त ठोके आहेत. तेवढ्या अवकाशात तो प्रोसेसर होतो, चित्राची चिप होतो, आवाजाची चिप होतो, कॅसेट होतो, आणि पुढच्या ठोक्याची वाट पाहत थांबतो.

या सोंगामागे एक असं नातं आहे, की ते कळलं तेव्हा मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही. पायमधला प्रोसेसर आर्म जातीचा. आर्मचा जन्म इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत झाला. ही कंपनी 'बीबीसी मायक्रो' नावाचा घरगुती आणि शाळेचा संगणक बनवत असे आणि त्याच्यात होता हाच ६५०२. (आपल्याकडे १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाचा सरकारी संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू झाला, त्यातही हेच बीबीसी मायक्रो आले. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं त्याच दशकात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा घरगुती संगणक काढला. टीव्हीला जोडायचा आणि गाण्याच्या टेपरेकॉर्डरवरून गेम भरून घ्यायचा. महाराष्ट्रात घरच्या टीव्हीवर संगणकाचे खेळ तेव्हाच पोचले होते.) एकॉर्नला पुढच्या संगणकासाठी नवा प्रोसेसर हवा होता. तिथल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तो स्वतःच रचायचं ठरवलं. चिप अजून कागदावरच होती, तेव्हा तिच्या आज्ञा नीट चालतात का हे कुठं पडताळायचं? विल्सन यांनी बीबीसी मायक्रोवर, बेसिक भाषेत, न जन्मलेल्या आर्मचं सोंग लिहिलं. म्हणजे ६५०२ वर चालणारा संगणक आर्म बनला.

पहिली आर्म चिप २६ एप्रिल १९८५ रोजी हातात आली आणि चालली. फर्बर वीज किती लागते ते मोजायला गेले तर मीटर शून्य दाखवत होता. पाटीवर चिपला वीज देणारी जोडणीच झालेली नव्हती. शेजारच्या भागांतून सिग्नलच्या तारांवाटे जी थोडीशी वीज झिरपत होती, तेवढ्यावर ती चालत होती. इतक्या कमी विजेच्या या चिपची पुढची पिढी जगभरच्या मोबाइलांत गेली आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायमध्येही. पाय घडवणाऱ्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या प्रकारांना 'मॉडेल ए' आणि 'मॉडेल बी' ही नावं दिली, तीसुद्धा बीबीसी मायक्रोवरूनच घेतलेली. आज नगरच्या एखाद्या घरात पायवर 'बॅटल सिटी' सुरू होतो तेव्हा आर्म ६५०२ बनलेला असतो. आर्मच्या जन्माआधी ६५०२ नं त्याच्यासाठी जे केलं, तेच आर्म आता ६५०२ साठी करत असतो.

गेम सुरू झाल्यावर एक गोष्ट मात्र कानाला खटकते. धून घाईत वाजतेय, सगळं जरा जास्तच पळतंय असं वाटतं. वय झालं म्हणून बोटं मंदावली असतील, असंही मनात येतं. कारण बहुतेक वेगळं असतं. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवत. आपले, पाल पद्धतीचे, ५० वेळा. आपल्याकडच्या टीव्हींसाठी बनलेल्या नकली यंत्रांत चिपही त्याच बेतानं ५० चौकटींची असे. गेम मात्र ६० चौकटींसाठी लिहिलेला. प्रत्येक चौकटीला रणगाडा अमुक ठिपके पुढे, धून अमुक पावलं पुढे. चौकटी कमी तर सगळंच सावकाश. सूर जवळपास तोच राहिला, कारण तो प्रोसेसरच्या ठोक्यांवर ठरतो आणि ते फारसे बदलले नव्हते. लय तेवढी मंदावली. मूळ यंत्रावर ६० सेकंदांत संपणारा भाग अशा यंत्रावर ७२ सेकंद घ्यायचा. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा मारिओची धून ऐकली ती विलंबित लयीत, आणि तीच खरी समजून मनात ठेवली. काही एम्युलेटरांमध्ये 'डेंडी' नावाचा पर्याय असतो (रशियात गाजलेल्या अशाच नकली यंत्राचं ते नाव). तो निवडून पाहा. ऐकताक्षणी कळतं.

जुना जॉयस्टिक घरात असेल तर तोही टाकू नका. त्याचं पोट उघडलं तर आत एक छोटी पाटी आणि बहुधा काळ्या लाखेसारखा थेंब दिसतो, थेंबाखाली चिप. आठ बटणं, पण यंत्राकडे बटणांची खबर नेणारी तार एकच. हे कसं जमतं? यंत्र एका तारेवर इशारा देतं, त्या क्षणी आठही बटणांची स्थिती चिपमध्ये गोठते. मग दुसऱ्या तारेवर एकेक ठोका, आणि प्रत्येक ठोक्याला खबरेच्या तारेवर एक उत्तर: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. क्रम कधीच बदलत नाही. वीज आणि ग्राउंड धरून पाच तारा झाल्या. पायच्या कडेला ज्या दोन ओळी पिना असतात, ज्यांना प्रोजेक्टच्या वेळी ओलीचा सेन्सर जोडला होता, त्यांवर या पाच तारा थेट जोडता येतात आणि पाय चौकटीगणिक तीच आठ उत्तरं मागून घेतो. वीज मात्र ३.३ व्होल्टच्या पिनेवरूनच द्यायची. ५ व्होल्टची दिली तर खबरेच्या तारेतून तेवढाच दाब पायकडे परत येईल आणि ती पिन किंवा पाय जाईल. सोल्डरिंगची सवय नसेल तर त्याच आकाराचे यूएसबीचे जॉयस्टिक विकत मिळतात. पण इतक्या वर्षांचं, रबर झिजलेलं तेच बटण दाबल्यावर रणगाडा वळला, की होणारा आनंद वेगळा असतो.

माळ्यावर जुना डब्यासारखा टीव्ही असेल तर तोही उतरवा. पाय ४ पर्यंतच्या बहुतेक मोठ्या पायना हेडफोनसारखी जी जागा असते, तिच्यातून आवाजाबरोबर जुन्या टीव्हीसाठी चित्रही बाहेर पडतं; सेटिंगमध्ये ते सुरू करून पाल पद्धत निवडावी लागते. पिवळी-लाल-पांढरी वायर घेताना तिच्यातला ग्राउंड योग्य कडीवर आहे ना, हे दुकानदाराकडून तपासून घ्या. कॅमेऱ्याच्या वायरी दिसतात सारख्या, पण आतून निराळ्या असतात. या टीव्हीवर रेघांच्या मध्ये बारीक काळी फट राहते, कडा किंचित विरघळतात, आणि चपट्या टीव्हीवर ठोकळ्यांसारखा दिसणारा तोच रणगाडा एकदम गोलाई घेतो. चित्रं काढणाऱ्यांनी ती या काचेसाठीच काढली होती.

बदकांवर झाडायची बंदूक मात्र पायच्या भरवशावर बाहेर काढू नका. आपल्याला वाटायचं बंदुकीतून काहीतरी टीव्हीकडे जातं. जात काहीच नव्हतं. बंदुकीच्या नळीत प्रकाश टिपणारा डोळा होता. चाप ओढला की पडदा एक क्षण पूर्ण काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. आधी अंधार, मग उजेड, हे दोन्ही बंदुकीनं ठरल्या वेळी पाहिलं तर बदक पडलं. दिव्याकडे बंदूक धरून फसवायला गेलं तर अंधाराचीच परीक्षा हुकायची. सगळी मदार झोताच्या वेळेवर. चपटे टीव्ही चित्र हाती आल्यावर त्याच्यावर थोडी प्रक्रिया करून मग दाखवतात. डोळ्याला हा उशीर जाणवत नाही, बंदुकीला जाणवतो, आणि नेम कितीही अचूक असला तरी बदक उडून जातं.

कॅसेटमधले गेम हे त्या त्या कंपन्यांच्या मालकीचे आहेत, आणि इंटरनेटवर फुकट मिळतात म्हणून ती मालकी संपत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये आपल्या हक्काच्या प्रतीची, ती खराब होण्याच्या भीतीनं, राखीव प्रत करण्यापुरती मोकळीक आहे. कॅसेटमधून गेम वाचून घेणारी छोटी उपकरणं मिळतात. आणि नवे गेमही येताहेत: २०१९ मध्ये 'मायक्रो मेजेस' नावाचा गेम याच जुन्या यंत्रासाठी निघाला, रचणाऱ्यांनी हट्टानं मारिओएवढ्याच ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. तो पैसे देऊन विकत घेता येतो आणि पायवर चालतो. मी सुरुवात करणाऱ्याला तोच सुचवेन.

भारनियमनाच्या वर्षांत खेळलेल्यांना ठाऊक आहे, की एकतिसाव्या मैदानात वीज गेली म्हणजे तोवर मिळवलेले सगळे गुण गेले. जुन्या यंत्राला आठवण अशी नव्हतीच. एम्युलेटरमध्ये खेळ आहे त्या क्षणी गोठवून कार्डावर ठेवता येतो. ठेवायचं तरी किती? २ किलोबाइट हिशेबाची स्मृती, २ चित्राची, प्रोसेसरचे ते मोजके खण, अशाच आणखी काही नोंदी. त्या मैदानाचं सगळं जग, प्रत्येक गोळी हवेत जिथं आहे तिथं, काही डझन एसएमएसएवढ्या जागेत मावतं. पायला मात्र अचानक वीज गेलेली सोसत नाही. कार्डावर लिहिणं चालू असताना गेली तर कार्ड बिघडू शकतं, म्हणून तो मेन्यूतूनच बंद करावा. उन्हाळ्यात गावाकडे चांगल्या पॉवर बँकेवर चालवणं सोयीचं पडतं.

आणि 'बॅटल सिटी'त स्वतः मैदान रचायची जी सोय होती, ती आता खरी कामाला येते. तेव्हा यंत्र बंद केलं की रचलेलं पुसलं जायचं, त्यामुळे तिच्यासाठी फार कष्ट घेतले जात नसत. आता मैदान रचून गोठवून ठेवता येतं. मैदान आडवं १३ घरं, उभं १३ घरं. खालच्या ओळीत मधोमध गरुड. एवढ्या जागेत नगरचा भुईकोट किल्ला छान उतरतो. त्याचे सगळे बुरूज काही बसत नाहीत, पण गरुडाभोवती लोखंडाच्या घरांची अर्धगोल तटबंदी, तिच्याबाहेर खंदकासाठी पाण्याची एक ओळ, तट आणि पाणी दोन्हींत पुलापुरती एक जागा मोकळी आणि बाहेर थोडी झाडी, एवढं नक्की होतं. गेमचे नियमही किल्ल्याला साजेसे आहेत: पाण्यावरून गोळी जाते, रणगाडा जात नाही, झाडीत रणगाडा लपतो, लोखंड फोडायला तीन तारे मिळवलेला रणगाडाच लागतो. दोघं खेळणार असाल तर दोघांचेही रणगाडे गरुडाच्या दोन बाजूंना, म्हणजे तटाच्या आतच सुरू होतात. तेव्हा पुलाची जागा ठेवायला विसरू नका. नाहीतर बाहेर पडायची वाट राहणार नाही आणि लोखंडी तटामुळे आतून शत्रूही टिपता येणार नाहीत.